चन्नम्माचा शिवदारा

चन्नम्मा कलशेट्टी त्या पहाटे तीन वाजता उठली तेव्हाच दमलेली होती. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने सहलीसाठी पाण्याचे दोन पिंप घासून ठेवले, चाळीस मुलींच्या वळकट्या एका खोलीत रचून घेतल्या, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगितलं म्हणून पिशवीभर लिंबं आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या बांधल्या. घाटात पोरींना उलट्या होणारच होत्या. घरी पोचायला आठ वाजले. रात्रभर पायांच्या पोटऱ्या ठणकत राहिल्या.

दमणं तसं तिला नवं नव्हतं. नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. तो खोकत खोकत गेला तेव्हा तिला तिसावं लागलं होतं आणि मुलगा ईरप्पा पाच वर्षांचा होता. मुलींच्या शाळेत शिपायाची जागा मिळाली, तेव्हापासून बावीस वर्षं शाळेची घंटा तिच्याच हातची. वर्ग झाडायचे, नोटीस फिरवायची, पडलेल्या पोरीच्या गुडघ्याला हळद दाबायची, पहिल्यांदा बाहेरची झालेल्या पोरीला कोपऱ्यात घेऊन चार गोष्टी समजावून सांगायच्या. माहेर अक्कलकोटकडचं, घरात बोलणं कन्नड. मराठी ती वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून शिकली. शाळेत विणकरांच्या तेलुगू पोरी होत्या, मुसलमानांच्या होत्या, मराठ्यांच्या होत्या. सगळ्या तिला अव्वा म्हणत. अव्वा म्हणजे आई, एवढं कन्नड सोलापुरात सगळ्यांनाच येतं.

सगळ्यांचं ऐकणारी ही बाई एका बाबतीत मात्र कोणाचंच ऐकत नसे. लिंगायताच्या घरात मूल पोटात असतानाच, आठव्या महिन्यात, स्वामी येऊन त्याच्या नावाने इष्टलिंग, म्हणजे डबीत घालून गळ्यात वागवायचं लहानसं शिवलिंग, बांधतात आणि जन्मल्यावर ते त्याच्या अंगावर येतं. ते ज्याचं त्याचं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि मगच तोंडात काही घालायचं. जेवणाआधीही चन्नम्मा ते काढून त्याला भाकरी दाखवी. जन्मभर ते अंगावर राहतं आणि मेल्यावर माणसाबरोबर मातीत जातं. ज्याच्या गळ्यात त्याचं लिंग नाही त्याला पाण्याचा घोटसुद्धा नाही, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं आणि तिने सुनेला.

सून नीलव्वा. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात एकदा तिने पूजेआधी कपभर चहा घेतला. चन्नम्मा ओरडली नाही. चार दिवस तिच्याशी बोललीच नाही. पाचव्या दिवशी पोरगी पाया पडून रडली तेव्हा कुठे घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. पुढे एकदा नळावर शिवदारा, म्हणजे लिंगाच्या डबीचा दोरा, तुटला आणि डबी गटारात पडली. मठातले स्वामी येऊन शुद्ध करून देईपर्यंत नीलव्वा दिवसभर कोरडी बसून राहिली. ती हकिकत चन्नम्माने गल्लीभर कौतुकाने सांगितली होती.

आता अठ्ठ्याहत्तरच्या या डिसेंबरात नीलव्वाला सातवा लागला होता. आधीचं एक पाचव्यातच गेलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि आठ दिवसांमागे ती चुलीपुढून उठताना घेरी येऊन पडता पडता वाचली होती. म्हणूनच चन्नम्माला सहलीला जायचं नव्हतं. पण दुसऱ्या शिपाईबाई तापाने पडल्या, आणि एवढ्या मुलींबरोबर शिपाई बाईमाणूसच हवं असा मोठ्या बाईंचा कायदा. तीन दिवसांचाच तर प्रश्न होता. ईरप्पा यंत्रमागावर दिवसपाळीला जाई, पण शेजारच्या बजाबाई लक्ष ठेवणार होत्या.

त्या पहाटे वीज गेलेली. चन्नम्मा आंघोळ करून आली तर नीलव्वाही न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून चुलीपाशी बसलेली.

"तू कशाला उठलीस?"

"मग भाकऱ्या कोण बडवणार? तुमच्या मोठ्या बाई?" नीलव्वा म्हणाली.

चन्नम्माने मठातून दोन नवे शिवदारे आणून ठेवले होते. तीन दिवसांचा प्रवास, जुना दोरा झिजून गेलेला, वाटेत कुठे तुटला तर काय, म्हणून तिने तो बदलायचं ठरवलं होतं. "तुझाबी बदलून टाक," ती म्हणाली, "त्या नळावरच्यासारखं नको." दोघी समईच्या एका वातीपुढे शेजारी शेजारी बसल्या, पूजा केली, लिंगं डब्यांत ठेवली, आणि डब्या पाटावर ठेवून जुने दोरे काढून नवे ओवले. सुनेची डबी चन्नम्माने आपल्याच सोनाराकडून हुबेहूब आपल्यासारखी करून घेतली होती. एरवी एकीचा दोरा काळपट आणि एकीचा पिवळट, त्यामुळे घोटाळा कधी झालाच नव्हता. आज दोन्ही दोरे पांढरेधोट. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. चन्नम्माने पाटावरची एक डबी उचलून गळ्यात घातली, दुसरी नीलव्वाने घातली.

गाडी एस.टी.चीच, प्रासंगिक करारावर घेतलेली. पहिल्या दिवशी कराडवरून कोयनेपर्यंत जायचं, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला शाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी समुद्र. ड्रायव्हर कोंडीबा माढ्याकडचा, मफलरमध्ये तोंड गुंडाळून बसलेला. निघण्याआधीच त्याने मोठ्या बाईंना बजावलं, "बाई, घाट मी उजेडात उतरणार. अंधार पडला तर गाडी घाटमाथ्यावर लावून झोपणार. मागनं बोल लावायचा न्हाय."

"पाच वाजता निघतोय आपण. अंधार कसा पडेल?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"चाळीस पोरी हायत्या. कसाबी पडंल."

मंगळवेढ्याला उजाडलं. खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या आणि फटींतून वारा सुरीसारखा आत येत होता. मुलींनी सांगोल्यापर्यंत गाणी म्हटली, आटपाडीच्या अलीकडे एकेक गप्प होत गेली, आणि मग चन्नम्माचं काम सुरू झालं. कोणाच्या कपाळाला हात लाव, कोणाला कागद दे, कोणाच्या तोंडाशी लिंबू धर. एक दांडा सोडून दुसरा धरायच्या आत गाडी वळायची आणि तिची कंबर सीटच्या कडेवर आदळायची. पुढच्या सीटवर बसलेल्या शिवणाच्या अमिनाबाई दोनतीनदा म्हणाल्या, "अव्वा, जरा टेका की. मी बघते." पण पोरी हाक अव्वालाच मारत.

भिवघाटाच्या उतारावर अकरा वाजता जेवायला गाडी थांबली. मुली डबे घेऊन उन्हात पांगल्या. चन्नम्मा तांब्याभर पाणी घेऊन बाभळीआड गेली, हातपाय धुतले, भाकरी पुढ्यात ठेवली आणि डबी उघडली.

तिच्या डबीचं झाकण घट्ट होतं. नखाने उचकटावं लागे. हे बोट लावताच उघडलं. आत लिंग होतं, पण तिचं नव्हतं. तिचं पन्नास वर्षं हात फिरून फिरून बारीक आणि मंद काळं झालेलं. हे टपोरं, चकचकीत. मागच्या वर्षीच नीलव्वाच्या माहेरच्या स्वामींनी त्याच्यावर नवा काळा लेप चढवून दिला होता. 

ती ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. मग जसं होतं तसं ठेवलं, झाकण लावलं. भाकरी फडक्यात बांधली. तांब्यातलं उरलेलं पाणी बाभळीला घातलं.

"चन्नम्मा, जेवलात की नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पोट बरं न्हाय, बाई."

"अहो, पुढे चहाही मिळायचा नाही नीट."

"नगं. सकाळी झालाय."

सकाळी काहीच झालं नव्हतं. हॉर्नच्या घाईत चहा राहूनच गेला होता. पण तेवढं खोटं तिने बोलून टाकलं आणि बोलल्यावर तिला आणखीनच वाईट वाटलं.

गाडी पुन्हा निघाली. आता तिचं डोकं ठणकायला लागलं. तीन दिवस. उद्या समुद्र, परवा परत. तीन दिवस निभेल आपल्याला, तिने मनाशी म्हटलं, या वयात उपासाने कोण मरतंय. पण निभण्यापेक्षा दुसरंच तिला खात होतं. पन्नास वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीही तिने लिंग हातावर घेतलं होतं. आणि आज आपण दोरा तुटू नये म्हणून जपायला गेलो, तर लिंगच घरी राहिलं. ती मुलींच्या हातात लिंबाच्या फोडी देत होती आणि बोटांना लागलेला रस पदराला पुसत होती. तोंडाला कोरड पडली होती.

विटा मागे पडलं तेव्हा अमिनाबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलंच.

"काय झालंय ते सांगा. पोट बिट काही नाही. भाकरी तशीच्या तशी बांधलेली मी बघितली."

चन्नम्माने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. अमिनाबाई तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, पण समंजस. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुमचं तिकडे सुनेच्या गळ्यात?"

"व्हय."

"तिला कळलं असेल?"

"जेवायच्या आधी उघडती की ती. मीच लावलंय तिला..." एवढं बोलून चन्नम्मा थांबली.

अकरापासून आतापर्यंत ती फक्त आपला विचार करत होती. आपला नेम, आपलं पाप, आपले तीन दिवस. तिकडे सात महिन्यांची पोटुशी पोरगी तीच डबी उघडून बसली असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. नीलव्वा जेवणार नव्हती. आज नाही, उद्या नाही, सासू परत येईपर्यंत नाही. ईरप्पा सकाळी सहालाच मागावर गेलेला. बजाबाई आग्रह करतील, पण त्यांचं ती काय ऐकणार. जिने चार दिवस अबोला धरून तिला हे शिकवलं, ती इथे गाडीत.

"अमिनाबाई," ती म्हणाली, "गाडी मागं फिरवता येईल का?"

"आता? मागे फिरून सोलापूरला पोचायला रात्र होईल. आणि चाळीस मुलींना काय सांगायचं?"

"मग मला हितं उतरवा. मी एस.टी.नं जाते."

"तुम्हीसुद्धा रात्रीच पोचाल. तोवर तिचं काय?" अमिनाबाईंनी जरा विचार केला. "तुमच्या गल्लीत फोन कोणाकडे आहे?"

"सिद्रामप्पाच्या भुसार दुकानात."

"मग कराडला पोस्टातून ट्रंक कॉल लावू."

मोठ्या बाईंना सांगणं आलंच. त्या घड्याळ बघून म्हणाल्या, "ट्रंक कॉलला दोन दोन तास लागतात. तिला समजत नाही का? देव काय डबी बघून पावतो?"

चन्नम्मा खाली बघत म्हणाली, "तिला समजतंय ते मी शिकवलेलं समजतंय, बाई."

मोठ्या बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. बावीस वर्षांत चन्नम्माने कधी काही मागितलं नव्हतं. रजासुद्धा नाही.

"कोंडीबा," त्यांनी पुढे होऊन विचारलं, "कराडला किती वेळ थांबता येईल?"

"किती म्हंजे? अर्धा तास. घाट पडलाय म्होरं."

"दोन तास."

"मग चिपळूणचं विसरा, आन् घाटमाथ्यावर थंडीत पोरी निजवा."

"कोंडीबा," अमिनाबाई म्हणाल्या, "अव्वाची सून दोन जिवांची आहे. सकाळपासून उपाशी असणार. तिला निरोप द्यायचाय."

कोंडीबाने गिअर बदलला. "तीनला हॉर्न देनार," तो शेवटी म्हणाला. "सव्वातीनला निगणार. मग फोन लागू दे न्हायतर न लागू दे."

कराडला सव्वा वाजता पोचले. मोठ्या बाई मुलींची रांग करून त्यांना कृष्णा-कोयनेचा संगम दाखवायला घेऊन गेल्या, आणि या दोघी पोस्टात आल्या. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "साधा का पी.पी.?"

"पी.पी.," अमिनाबाई म्हणाल्या, आणि चन्नम्माला समजावलं, "म्हणजे ते आधी तिला दुकानात बोलावून घेतील, मगच आपल्याला जोडतील."

बाकावर त्या बसल्या. दोन वाजले. अडीच झाले. पोस्टात गोंदाचा आणि लाखेचा वास भरला होता. कोणाकोणाचे फोन लागत होते, मुंबई, सातारा, इचलकरंजी. सोलापूर लागत नव्हतं. चन्नम्मा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. झोप नव्हे, नुसतीच गळून गेली होती. ओठांनी ती 'नमः शिवाय' म्हणत होती आणि गळ्यातल्या परक्या डबीला हात लागला की हात काढून घेत होती.

"आमच्यात सफरीत रोजा माफ असतो," अमिनाबाई मध्येच म्हणाल्या. "पोटुशीलापण."

"कुणी माफ केला?"

"अल्लानंच."

"आमच्यात असं कुणी सांगितलं न्हाय," चन्नम्मा म्हणाली. मग काही वेळाने, "मी विचारलंबी न्हाय म्हणा."

तीन वाजता बाहेर कोंडीबाचा हॉर्न वाजला. त्यानंतर पाचएक मिनिटांनी खिडकीतला माणूस ओरडला, "सोलापूर. बोला."

आधी सिद्रामप्पाचा आवाज आला, आरडाओरड केल्यासारखा. "अव्वा, कराडहून बोलतीस व्हय? ही नीलव्वा आलीया. तोंड उतरलंय बघ पोरीचं. साखरपाणी देतो म्हनलं तर हातबी लावंना."

मग खरखर, आणि त्या खरखरीतून नीलव्वाचा बारीक आवाज. सासूला ती कन्नडातलं अत्ती म्हणे.

"अत्ती?"

"नीला. कधी कळलं तुला?"

"नऊला भाकरी खायला बसले तवा. झाकण निघंना. मग बघितलं."

"मग? खाल्लीस?"

"तशीच झाकून ठेवलीया."

"पाणी तरी?"

"चूळ भरली."

"नीला, आता घरी जा आन् जेव."

"तुमी जेवला का?"

"माझं राहू दे. मला सवय हाय."

"मग मलाबी हाय," नीलव्वा म्हणाली. "तुमीच लावलीया."

टोमणा नव्हता तो. पोरगी पाठ केलेलं सांगावं तसं सांगत होती. चन्नम्माला त्या चार दिवसांचा अबोला आठवला, आणि तेव्हा आपल्याला आपला केवढा अभिमान वाटला होता तेही आठवलं. पोस्टातली माणसं तिच्याकडे बघत होती. ती भिंतीकडे वळली.

"ऐक. तुला अजून आठवा लागायचाय. आठव्यात स्वामी येतील, पोटातल्याच्या नावानं लिंग बांधतील. बांधलंय का अजून?"

"न्हाय."

"मग त्याला कसला नेम? त्याला कुणी सांगितलं उपाशी राहा म्हणून?"

खरखर वाढली. मध्येच एक्सचेंजमधल्या बाईचा आवाज वेळ होत आल्याचं सांगून गेला.

"नीला, हायेस का? माझं लिंग डाव्या हातावर घे. विभूती लाव. त्याच्याम्होरं भाकरी ठेव आन् खा. पन्नास वर्सं माझं ऐकलंय त्यानं, तुझंबी ऐकंल."

"मग तुमी माझं घ्या," नीलव्वा म्हणाली. तिचा आवाज आता रडका झाला होता. "तुमी जेवला तर मी जेवते. न्हायतर न्हाय. जेवते म्हणा."

चन्नम्माने गळ्यातली डबी मुठीत धरली.

"जेवते," ती म्हणाली.

"माझं लिंग घालून खोटं बोलू नगा, अत्ती."

"न्हाय बोलत. जेवते. तू जा."

फोन तुटला. चन्नम्मा रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिली. शेवटी अमिनाबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"जेवेल?"

"मी जेवले तर."

"मग सोडा भाकरी. इथेच बसा बाकावर."

पण हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. मुली गाडीत बसून झाल्या होत्या आणि कोंडीबा दारात उभा होता. "झाल्या का वाटाघाटी? माझा मावळतीचा उजेड तुमच्या पोस्टानं खाल्ला."

पाटणच्या पुढे डोंगर जवळ आले. चन्नम्माने असे डोंगर पाहिले नव्हते. सोलापुरात आभाळ चहूबाजूंनी जमिनीला टेकतं. इथे ते दोन्हीकडच्या भिंतींवर ठेवल्यासारखं होतं आणि खाली कोयनेचं पाणी थंडगार, हिरवं. मुली खिडक्यांना चिकटल्या होत्या. ती बघत होती, पण बघण्याइतकं अंगात काही उरलं नव्हतं. डोळ्यांपुढून डोंगर जात होते आणि मनात ती स्वतःशीच वाद घालत होती. पोरीला जेवते म्हटलंय, ती एव्हाना जेवलीही असेल. आपण जेवलो की नाही हे तिला कोण सांगणार? चिपळूण, समुद्र, परत. घरी जाऊन आपलं लिंग घ्यावं, स्वामींना विचारून काय ते प्रायश्चित्त घ्यावं आणि मग अन्नाला शिवावं. नेमही राहील, पोरही जेवेल.

हे सगळं तिला सरळ वाटलं, आणि वाटता वाटताच कळलं की यात खोटं आहे, आणि ते खोटं नीलव्वाच्या लिंगापुढे बोललेलं आहे. आपल्या लिंगापुढचं खोटं आपल्यावर येतं. हे कोणावर जाईल? पोटुशी बाई, आधीचं एक गेलेलं. शिवा, हे मी कशात सापडले, ती मनात म्हणाली. 

घाटमाथ्यावर पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. सूर्य डोंगराआड गेला होता, उजेड होता पण पातळ झालेला. दरीतून धुकं वर येत होतं. कोंडीबा खाली उतरला. "पाणी घालतो रेडिएटरला. पाच मिनिटं. कुनी उतरायचं न्हाय."

चन्नम्मा उतरली. फडकं आणि तांब्या घेऊन ती रस्त्याकडेच्या दगडापाशी गेली. कड्यातून पाण्याची बारीक धार येत होती, तिच्याखाली हात धुतले. पाणी इतकं गार की बोटं आखडली. दगडावर बसून तिने डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. तिच्या तळहाताच्या खळग्यात ते नीट बसेना, टपोरं होतं. तिने बोटं जरा वाकवून त्याला जागा करून दिली. कमरेच्या पिशवीतली विभूती लावली. बेल नव्हता. कुठल्याशा झुडपाचं पान तोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. नुसतंच पाणी वाहिलं.

रोज ती या वेळी काही मागत नसे. नमस्कार करी आणि ठेवून देई. आज तिला काय म्हणावं कळेना. "नीलाचं हाय," ती कन्नडातून म्हणाली, "तिला सांभाळ." मग भाकरी दाखवली आणि पहिला घास तोडला.

सकाळची भाकरी, थंडीने वाळून खडखडीत झालेली, आत शेंगदाण्याची चटणी. कोरड्या तोंडात तो घास फिरेना. ती चावत राहिली. दोन घास झाल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही तिने पुसलं नाही. एक हात खरकटा होता आणि दुसऱ्यावर लिंग होतं.

कोंडीबाने रेडिएटरचं झाकण लावलं, हात पुसत इकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. गाडीच्या दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, "कोंडीबा, उजेड चाललाय ना?"

"चाललाय की."

"मग बोलवा तिला."

"खाऊ द्या," कोंडीबा म्हणाला. "सकाळधरनं उपाशी हाय म्हातारी." आणि त्याने बिडी पेटवली.

तिने अख्खी भाकरी खाल्ली. शेवटचा तुकडा संपल्यावर धारेखाली उजवा तळहात धरून पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. लिंग डबीत ठेवलं, दोरा गळ्यात सारखा केला आणि गुडघ्यांवर हात देऊन उठली. पाय अजून ठणकत होते.

अमिनाबाईंनी तिला वर ओढून घेतलं. "जेवलात?"

"जेवले."

"आता उद्या?"

"उद्याबी असंच. घरी जाईपातूर तिचं माझ्याकडं, माझं तिच्याकडं." ती सीटवर टेकली. "स्वामी काय म्हणतील ते म्हणू देत. मी सांगीन त्यान्ला."

कोंडीबाने दिवे लावले आणि गाडी पहिल्या वळणावर घातली.